अठरातला एक गिअर

निघोजे,
४ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,

जयमालाचा नमस्कार. काल भाऊबीज झाली आणि मला मंचरला यायला काही जमलं न्हाई. कंपनीला सुट्टी असली तरी दोन लाइन चालू होत्या, त्यामुळं आमचं कँटीनपण चालू. तीनशे माणसांचा नाश्ता केला, घरी आले आणि अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळलं.

फोन केलता. विजयश्रीनं उचलला. मी तिला सांगणार, ती तुझ्या कानाशी ओरडणार आणि तू भलतंच ऐकणार, असं तीनदा झालं. शेवटी तुझी सूनबाई म्हणली, "आत्या, मामंजींना वाटतंय तुम्ही साखर मागताय." मी सायकल म्हणत हुते. भोसरीला तुझ्या टूलरूमशेजारच्या प्रेस शॉपनं तुझे कान खाल्ले, पण डोळे शाबूत हायत. म्हणून हा कागद.

काम असं हाय. ऋतिक दहावीत असताना घेतलेली गिअरची सायकल आठवते का? निळी, अठरा गिअरची. ती सात-आठ वर्षं जिन्याखाली पडून हाय. मागची गिअर-मशीन वाकलीय, हँडलवरच्या कळा दाबत न्हाईत, चेन मधूनच उडी मारती. मला ती साधी करायचीय. पुढं एक चकती, मागं एक चकती, बास. थंडीत सकाळी चालवायची हाय. बोटं आखडतात, कळा कोण दाबणार? आणि बांधकामाच्या डंपरनी रस्त्यावर एवढा चिखल आणि खडी टाकलीय की गिअरच्या त्या बारक्या चाकांत सगळं जाऊन बसतं.

चाकणला एका दुकानात इचारलं. तो हसला. म्हणला, "मावशी, भंगारात द्या, नवी घ्या."

मला नवी नको. ही नीट व्हईल का, तेवढं सांग. एक डिसेंबरच्या आत व्हायला पायजे.

तुझी,
जयमाला

•

मंचर,
९ नोव्हेंबर २०२४

चि. जयमाला हिस आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमनने माझ्या हातात दिलं तेव्हा मला वाटलं पेन्शनचं काहीतरी आलं. घरात कोणाला पत्र येण्याची सवय राहिली नाही. विजयश्रीने आधी विचारलं, "कोण गेलं का?"

सायकल होईल. न व्हायला काय झालं? त्या दुकानदाराला म्हणावं, अठरा गिअरची सायकल म्हणजे एका गिअरची सायकल आणि सतरा गिअरची कटकट. कटकट काढून टाकायची.

ऋतिकला सुबुद्धी झाली हे वाचून बरं वाटलं. माणच्या ऑफिसात दिवसभर एसीत खुर्चीवर बसून पोट सुटलं असणार. थंडीत सायकल मारायची म्हणतोय तर मारू दे. पण मामाला स्वतः दोन ओळी लिहायला काय झालं होतं?

मला आधी माहिती पाहिजे. एक, पुढच्या तिन्ही चकत्यांचे दाते मोज. अंदाजे नको, मोजून. दोन, मागचं चाक ज्या खाचेत बसतं ती खाच आडवी आहे की उभी? आडवी असली तर आपलं काम सोपं, कारण चाक मागं ओढलं की चेन ताठ होते. उभी असली तर वेगळा विचार करावा लागेल. तीन, टायर दाबून बघ, भेगा आहेत का.

मी स्वतः आलो असतो, पण हत्यारं राहिली नाहीत. रिटायर झालो तेव्हा पेटी माझ्या जुन्या मित्राला, मालोजीला देऊन टाकली. इथं मुलगा आणि सून मला काही करू देत नाहीत. परवा नळ गळत होता. मी पाना शोधेपर्यंत प्लंबर येऊन गेलासुद्धा. सांभाळतात चांगलं, तक्रार नाही. पण माणूस नुसता सांभाळून किती ठेवायचा?

उत्तर लवकर पाठव.

दादासाहेब

•

निघोजे,
१४ नोव्हेंबर २०२४

ती. दादास नमस्कार.

दाते मोजले. पयल्यांदा एकोणचाळीस आले, मग सदतीस. सुरू कुठून केलं तेच इसरायला हुतं. मग एका दात्याला कुंकू लावलं आणि तिथून मोजलं. बारक्या चकतीला अठ्ठावीस, मधल्या चकतीला अडतीस, मोठीला अठ्ठेचाळीस. तिन्हींना कुंकू लागलं, आता सायकल नवरीसारखी दिसती.

खाचेवर कागद दाबून बोटानं चोळला, त्याचा छाप सोबत हाय. माझ्या मतानं आडवी हाय. टायरला भेगा हायत, दोन्ही नवे घेतले. जुने एवढे चिकटलेले की काढताना दोन चमचे वाकले.

तू आणि काय सांगशील ते सगळं ओळीनं, एकामागं एक लिही. मला समजंल असं लिही. म्हंजे ऋतिकला सांगायला बरं.

तो शनवारी येतो आणि रयवारी जातो. मोबाइलमधनं डोकं वर काढत न्हाई.

जयमाला

•

मंचर,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. जयमाला हिस आशीर्वाद.

खाच आडवी आहे. छाप झकास आलाय, टूलरूममध्ये असा घेणारी पोरं कमी होती. पण कागदावर ग्रीसचे ठसे बारीक बोटांचे आहेत. म्हणजे काम तू करतेस आणि नवाब मोबाइल बघतो! त्याला सांग, मामाने विचारलंय, लाज वाटते का?

असो. आता नीट वाच.

सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी कर. खाली पोतं टाक. दोन्ही ब्रेकच्या केबल सोडून बाकीच्या केबल, कळा, मागची गिअर-मशीन, पुढची चेन ढकलणारी पट्टी, सगळं काढ. ब्रेकला हात लावायचा नाही. चेन तोडून काढ, ती पातळ चेन पुन्हा वापरायची नाही, कारण साध्या चकतीचा दाता जाड असतो, तिच्यात बसत नाही. साध्या सायकलची जाड चेन आण.

मागची सहा चकत्यांची फ्रीव्हील काढायला वेगळा पाना लागतो. तो तुझ्याकडे नाही. नुसतं चाक घेऊन त्या हसणाऱ्या दुकानदाराकडे जा आणि तेवढंच काढून घे. त्या जागी अठरा दात्यांची साधी फ्रीव्हील बसव, आपल्या काळ्या सायकलला असायची तीच. हाताने फिरव, आटे आपोआप धरतील. जोर करायचा नाही. आट्यावर जोर केला की आटा जन्मभर वैर धरतो.

मग सूत घे. मागच्या चकतीपासून पुढं ताणून धर. पुढच्या तिन्हींपैकी जी सुताला सरळ लागेल ती ठेव, माझ्या हिशेबाने मधली. चेन तिच्यावरून घाल. चाक मागं ओढ. खालून बोटाने दाबल्यावर चेन अर्धा इंच हलली पाहिजे. जास्त ताणली तर पेडल जड, सैल सोडली तर पडणार.

सीट मात्र ऋतिकच्या उंचीप्रमाणे वर घे. बुटक्या सीटवर चालवली की गुडघे जातात.

काल रात्री जेवताना हे सगळं मी मुलाला टेबलावर पोळीचा डबा आणि दोन वाट्या मांडून समजावून सांगितलं. विजयश्री म्हणाली, "मामंजी एवढं बोलताना मी लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं."

झालं की कळव. वाट बघतो.

दादासाहेब

•

निघोजे,
२७ नोव्हेंबर २०२४

ती. दादास नमस्कार.

झाली! दादा, सायकल झाली.

फ्रीव्हील काढायला दुकानात दोन माणसं पान्यावर लोंबकळली. तिसऱ्या झटक्याला ती अशी सुटली की एक जण मागं टायरच्या ढिगाऱ्यात बसला. दुकानदाराला मी म्हणलं, "साधी अठराची द्या." तो म्हणला, "मावशी, कोणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हणलं, "माझा भाऊ टूलरूमला हुता." मग हसला न्हाई.

चेन कापताना मी एक कडी जास्त तोडली. चाक पार पुढं ढकललं तरी टोकाला टोक भिडंना. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातून दोन कड्या आणल्या आणि जोडल्या. सूत मधल्या चकतीलाच सरळ लागलं. चेन बरोबर अर्धा इंच हलती. पेडल फिरवलं तर चाक किती येळ फिरत राह्यलं! थांबंचना. मी बघतच बसले, गॅसवरचं दूध उतू गेलं.

आता खरं सांगते. सायकल ऋतिकची न्हाई. माझ्यासाठी हाय.

एक तारखेपासून ठेकेदारानं कँटीनच्या बायकांची जीप बंद केली. ज्यांना यायचं त्यांनी आपापलं यावं म्हणतो. पावणेसातला गेट. तेवढ्या सकाळी रिक्षा मिळत न्हाई, आणि निघोज्यातून कंपनी साडेचार किलोमीटर. ऋतिक म्हणतो, "आई, काम सोड, मी हाय ना." तो गुणाचा हाय. पण हे जाऊन सहा वर्षं झाली, त्या कँटीननं मला उभं केलं. माझ्या हातच्या उपिटासाठी माणसं रांग धरतात. मी घरात बसून काय करू?

तुला आधी सांगितलं न्हाई, कारण भ्याले. तू कारण इचारू नको, तुला ठाऊक हाय. बेचाळीस वर्षं झाली. मी सातवी झालेले. आठवीची शाळा चाकणला, पाच किलोमीटर. तू सुट्टीला आलास की मी तुझी काळी सायकल चोरून न्यायची, नळीखालून पाय घालून चार दिवसांत शिकले. मला वाटलं, सायकल आली की शाळेचं काम झालं. पाचव्या दिवशी तू मला ओढ्यापाशी धरलंस. सायकल खांद्यावर घेऊन पुढं, मी रडत मागं. घरी आबांना म्हणलास, "ही सायकलवर गेली तर मला गावात तोंड दाखवता यायचं न्हाई." जूनमधी माझं दप्तर धाकट्या भावाला गेलं.

भांडायला लिहीत न्हाई. तूच सांगून नीट केलेली सायकल तुला चोरून चालवायची न्हाई, म्हणून लिहिलं. मागच्या मोकळ्या प्लॉटवर तीन दिवस सराव करतीय. दोनदा पडले. चालवायला येतंय, दादा. ते चार दिवस पाय इसरले न्हाईत.

जयमाला

•

निघोजे,
१० डिसेंबर २०२४

ती. दादास नमस्कार.

तुझं उत्तर न्हाई. पोस्टमनला दोनदा इचारलं. विजयश्रीला फोन केला तर ती म्हणली, "मामंजी बरे आहेत, फक्त गप्प आहेत."

रागावला असशील तर रागाव. पण तुला कळवल्याबिगर मला राहवत न्हाई. दोन तारखेपासून रोज जाते. पयल्या दिवशी ट्रक शेजारून गेला आणि हँडल लटालटा हाललं, तेव्हापासून मोठा रस्ता सोडला. आता शाळेमागून, कांद्याच्या वावराकडंच्या कच्च्या रस्त्यानं जाते. थोडं लांब पडतं. दव पडलेलं असतं, कांद्याची पात पांढरी दिसती. पायात मोजे, हातात ऋतिकचे जुने क्रिकेटचे ग्लोव्ह, डोक्याला स्कार्फ. तोंडातून वाफ निघती. पयला चढ आला की वाटतं आता उतरावं लागंल, पण पेडल हलकं हाय, एका गिअरवर माणूस निघतो वर. तुझा हिशेब बरोबर हाय.

आणि खाली उतरताना, दादा, मी हसते. एकटीच. पंचावन्न वर्षांची बाई.

कागद टाक. शिव्या असल्या तरी टाक.

जयमाला

•

मंचर,
१३ डिसेंबर २०२४

चि. जयमाला हिस,

तुझं दहा तारखेचं पत्र आज घरी परत आल्यावर मिळालं. मी तीन दिवस इथं नव्हतो. कुठं होतो ते पुढं लिहितो.

तुझं आधीचं पत्र मला तीस तारखेला मिळालं. उत्तर लिहायला चार वेळा बसलो. पहिल्या कागदावर लिहिलं की तो काळच तसा होता. फाडला. दुसऱ्यावर लिहिलं की आबा कडक होते. तोही फाडला. आबा कडक नव्हते. तुला ठाऊक नसेल, आबा मला म्हणाले होते, "दादा, तू शहरात राहतोस, तुला कळतं. पोरीला जाऊ द्यायचं का?" मी नाही म्हणालो. भोसरीला खोलीवर पोरं कोणाच्याही बहिणीवरून बोलायची. तुझं नाव त्यांच्या तोंडी येईल ह्या भीतीने मी तुझी शाळा बंद केली. मी पंचवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला मोठा शहाणा समजत होतो. चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही.

हे मला कागदावर लिहून पुरं वाटेना. म्हणून मंगळवारी एसटीने चाकणला मालोजीकडे गेलो. विजयश्रीला सांगितलं की जुन्या मित्राची तब्येत बघायला जातो. मालोजी ठणठणीत आहे. बुधवारी पहाटे त्याने मला स्कूटरवर निघोज्याला सोडलं. मोठ्या रस्त्यावर मी तुझी वाट बघत उभा राहिलो आणि तू काही येईना. चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "निळ्या सायकलवाल्या काकू? त्या शाळेमागून जातात." माझ्याशी मोठ्याने बोलावं लागतं, तेव्हा ते सगळ्या टपरीने ऐकलं. एक पोरगी म्हणाली, "चला काका, दाखवते."

शाळेच्या भिंतीपाशी उभा राहिलो. सहा वीसला तू आलीस. अंधूक उजेड होता, पण चाल ओळखली. स्कार्फ, ते भलेमोठे ग्लोव्ह, पाठ ताठ. माझ्यापासून दहा हातांवरून गेलीस. मला काही ऐकू येत नाही, म्हणून मी चेनकडे बघत राहिलो. सरळ रेषेत पळत होती. कुठं उडी नाही, हिसका नाही. असं काम मी चाळीस वर्षांत माझ्या हाताखालच्या किती माणसांकडून करून घेतलं असेल, पण एवढं मन भरलं नव्हतं.

हाक मारायला तोंड उघडलं. धीर झाला नाही. तू वळणाआड गेलीस तरी मी तिथंच. ती पोरगी मला विचारत होती, "काका, रडताय का?" तेवढं मात्र मला ऐकू आलं नाही असं दाखवलं.

जयू, मला माफ कर.

सीट एक इंच खाली आहे, वर घे. मागं लाल रिफ्लेक्टर नाही, तो उद्याच्या उद्या लाव.

दादासाहेब

•

निघोजे,
१७ डिसेंबर २०२४

दादा,

कसला माणूस हायस तू! एसटीनं चाकण, चाकणहून निघोजे, भिंतीपाशी उभा, आणि बहिणीच्या घरचा चहा न घेता माघारी! मालोजीला मी फोन करून चांगली झाडलीय.

पत्र कँटीनमधी वाचलं. पिठाच्या हातानं. गोजाबाई माझ्या शेजारी इडल्या काढत हुती, तिला वाटलं काहीतरी वाईट झालं. मी तिला वाचून दाखवलं. आबांनी तुला इचारलं हुतं, हे मला आजवर ठाऊक न्हवतं. मी बेचाळीस वर्षं आबांवर रुसले हुते. ते वाचून पयल्यांदा मला राग आला, तुझा. संध्याकाळपर्यंत हुता. भांडी घासताना मोठ्यानं आपटली. मग सायकल काढली आणि घरी निघाले, आणि चढ संपेस्तोवर तो राग माझ्याजवळ राह्यला न्हाई. का ते मला सांगता येत न्हाई. ज्यानं सायकल काढून घेतली त्यानंच एकेक नट सांगून परत दिली, आता किती धरून ठेवू?

पण कागदावरची माफी मला चालत न्हाई. तू ये. आणि एकटा न्हाई, हत्यारं घेऊन ये. मालोजीकडची पेटी मी मागितलीय, येताना वाटेत चाकणहून घे, तो म्हणला तशीच ठेवलीय, तेल लावून.

कारण असं हाय की गोजाबाईला पण सायकल पायजे. तिच्या दिराची हाय, एकवीस गिअरची, सगळी गंजलेली. आणखी तिघी हायत. जीप बंद झाल्यापासून त्या चालत येतात, तासभर. चारी सायकली माझ्या अंगणात आणून टाकल्यात, अंगण भंगाराचं दुकान झालंय. त्यातल्या दोघींना चालवायलाच येत न्हाई.

ऋतिकला फोनवर सगळं सांगितलं. लगेच म्हणला, "आई, मामाला घ्यायला मी गाडी घेऊन जातो." रयवारी सकाळी आठला येतोय तो मंचरला. तयार राहा.

रिफ्लेक्टर लावला. सीट वर घेतली. तुझं खरं हाय, गुडघे हलके झाले.

जयू

•

निघोजे,
७ जानेवारी २०२५

ती. दादास नमस्कार.

तू गेल्यापासून अंगण मोकळं मोकळं वाटतं. दहा दिवस उलट्या सायकली, पोती, ग्रीस, आणि मधी तू पाटावर बसलेला. शेजारच्या सोसायटीतली माणसंसुद्धा पंक्चर घेऊन येत हुती. परवा एकानं इचारलं, "ते मिस्त्रीकाका परत कधी येणार?" मी म्हणलं, "मिस्त्री न्हाई, टूलरूमचे हायत." विजयश्रीचा फोन आलता. म्हणली, मामंजींनी घरी आल्या आल्या कुकरचा वॉल्व्ह खोलला. मी म्हणलं, खोलू दे.

गोजाबाई अजून तुझी तक्रार सांगती. तू सीट धरून मागं पळत हुतास आणि ती ओरडत हुती, "सोडू नका, दादा, सोडू नका!" तू कधीच सोडलं हुतंस. अख्खा प्लॉट ओलांडल्यावर तिनं मागं बघितलं आणि तू लांब उभा राहून घाम पुसत हुतास. ती म्हणती, ऐकू येणाऱ्या माणसाजवळ मी जन्मात शिकले नसते.

आता कालचं सांगते, त्याचसाठी कागद घेतलाय.

काल सोमवारी आमी पाचीजणी पयल्यांदा एकत्र निघालो. शाळेपाशी सहा वाजता जमायचं ठरलं हुतं. धुकं एवढं की गोजाबाईचा आवाज आधी आला, ती मागनं. ओळीनं चाललो, मी पुढं. कांद्याच्या वावरात पाणी धरणारा गडी खोरं टेकून बघत राह्यला. चढावर कोणी उतरली न्हाई. दम लागला, शिव्या दिल्या, पण उतरली न्हाई. उतारावर आमी सगळ्यांनी पाय थांबवले. पाच फ्रीव्हीलचा टिकटिक आवाज एकदम सुरू झाला.

गेटवरच्या शिपायानं वही काढली, इचारलं, "गाडी नंबर?" गोजाबाई म्हणली, "लिहा, निळी, हिरवी, काळी, लाल आणि गंजलेली." त्यानं खरंच तसं लिहिलं. सायकली लावायला मोटरसायकलींच्या शेजारी जागापण दावली.

तेवढ्यात मी घड्याळ बघितलं. साडेसहा झाले हुते. आत जायला अजून पंधरा मिनिटं हुती. रोज आमी लवकर पोचलो की कट्ट्यावर बसून पाय चोळत बसायचो.

काल आमी पाचीजणींनी एकमेकींकडं बघितलं, सायकली वळवल्या, आणि कंपनीच्या भिंतीला एक चक्कर मारून आलो.

तुझी,
जयू